खांद्यावर सॅक आणि समोर ओहोटी

परभणीच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देत आहोत.

"मी आणि माझी मैत्रीण, दोघी चोवीस वर्षांच्या. मे महिन्यात पाठीवर सॅक टाकून कोकणात फिरायला निघालो. देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलो, रात्री 11.05 ची कोकणकन्या होती. मधला सगळा दिवस मुंबईचा. दोघींनीही तोवर समुद्र पाहिला नव्हता, म्हणून जुहू ठरवलं. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशीचा रविवार होता. मेगाब्लॉक होता (रुळांच्या कामासाठी लोकल बंद) म्हणून टॅक्सी केली. सव्वाचारला पोचलो आणि पाचला परत फिरलो. पाणी लांब गेलेलं, मधे काळपट चिखल, प्लास्टिक, आणि माणसांची ही गर्दी! फोटोवाले पाठ सोडेनात. सॅक आळीपाळीने सांभाळल्या. पायाला आणि चपलांना डांबरासारखं काहीतरी चिकटलं. सॅकची चेन वाळूने अडकली, ती अजून नीट लागत नाही. पुढे कोकणात छान वाटलं, पण मैत्रीण अजून म्हणते की मुंबईचा समुद्र म्हणजे कचरा. डिसेंबरात याच गाड्यांनी पुन्हा जायचंय, मधला दिवस तसाच मोकळा आहे. ती म्हणते स्टेशनातच बसून राहू. आमचं चुकलं कुठे? जुहूला पुन्हा जावं का? की अलिबागला जाऊन यावं?"

प्रिय मैत्रिणी,

'सॅक आळीपाळीने सांभाळल्या' हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण निम्मं उत्तर त्यातच आहे. पंचेचाळीस मिनिटं तुम्ही तिथे होतात. एक पाण्याकडे गेली की दुसरी सामानाशी. म्हणजे पहिल्यांदा समुद्र बघायला आलेल्या दोघी एकत्र पाण्यापर्यंत गेल्याच नाहीत. शिवाय सॅक ठेवायला तुम्ही कोरडी वाळू शोधली असणार. किनाऱ्यावर कोरडी वाळू लागते ती भरतीच्या वरच्या रेघेपाशी, आणि समुद्र पोटातलं सगळं नको ते आणून टाकतो तेही त्याच रेघेवर. तुमची मैत्रीण मुंबईच्या समुद्राला कचरा म्हणते यात नवल नाही. तिचा अर्धा वेळ त्या रेघेवर बसूनच गेला.

उरलेलं निम्मं उत्तर पंचांगात आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात. वेळ काढायचा जुना हिशेब किनाऱ्यावरच्या माणसांच्या तोंडी असतो: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तितकाच उशिरा उगवतो. हिशेब किती जुळतो ते पाहायचं तर 26 जून 2025 घ्या. त्या दिवशी आषाढ शुद्ध प्रतिपदा होती. एक पाऊणे पाऊण, म्हणजे दुपारी पाऊण वाजता. महापालिकेच्या उधाणांच्या, म्हणजे मोठ्या भरत्यांच्या, यादीत त्या दिवशीची वेळ होती 12.55 आणि उंची 4.75 मीटर. दहा मिनिटांचा फरक. पौर्णिमा-अमावास्येच्या अलीकडच्या एक-दोन तिथींना मात्र प्रत्यक्ष भरती या हिशेबापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा येते, तेवढी जमेस धरायची.

आता तुमचा रविवार मांडू. बुद्धपौर्णिमेचा आदला दिवस, म्हणजे चतुर्दशी. चौदा पाऊणे साडेदहा, त्यात अर्धा तास मिळवला की अकराच्या सुमारास पूर्ण भरती. त्यापुढे सव्वासहा तास म्हणजे पाच वाजून गेल्यावर पूर्ण ओहोटी. तुम्ही सव्वाचार ते पाच तिथे होतात. पाणी जवळजवळ तळाला गेलेलं असताना. ओहोटीही साधीसुधी नव्हती, पौर्णिमेच्या उधाणाची होती. अशा दिवसांत भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीचा फरक साडेतीन-चार मीटर पडतो. जुहूच्या सपाट पुळणीवर पातळी इतकी उतरली की पाणी शंभर मीटरहून लांब जातं. सकाळी अकराला ते अगदी वरपर्यंत चढून कचऱ्याची ताजी रेघ ओढून गेलं होतं. किनाऱ्याची सफाई मुख्यतः सकाळी होते, त्यामुळे ती रेघ संध्याकाळच्या गर्दीच्या पुढ्यात तशीच राहते.

म्हणून मुंबईत पौर्णिमेच्या संध्याकाळी चांदण्यातला समुद्र बघायला जाणाऱ्यांची फसगत ठरलेली. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला ओहोटी, दर महिन्याला हेच. अष्टमी-नवमीला उलटं. संध्याकाळी सहा-साडेसहाला पाणी भरलेलं आणि चढउतार थोडा. त्याला भांगाची भरती म्हणतात. लाटा मोठ्या नसतात, पण पाणी पायापाशी असतं. सूर्यास्ताला समुद्र जवळ हवा असेल तर सप्तमी ते नवमी पकडा, शुद्ध किंवा वद्य कुठल्याही पक्षातली. डिसेंबरातले असे पाच-सहा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच खूण करून ठेवा आणि तिकिटं त्यांच्या आसपास काढा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे घाई नाही.

ओहोटीतही बघण्यासारखं असतं, मात्र वाळूवर नाही. वांद्र्याचं कार्टर रोड किंवा हाजी अलीजवळचा खडकाळ भाग ओहोटीत उघडा पडतो, आणि खडकांतल्या डबक्यांत शंख, खेकडे, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी) दिसतात. त्यासाठी मागे पट्टा असलेली, तळव्याला पकड असलेली चप्पल हवी आणि पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर पोचायला हवं. पाणी वळलं की लगेच बाहेर. हिरव्या शेवाळावर पाऊल ठेवू नका. सेल्फी घेताना किनाऱ्याकडे पाठ केलीत तरी चालेल, समुद्राकडे नको.

पाणी मातकट का, हेही मैत्रिणीला सांगा. मुंबईच्या दोन्ही अंगांना खाड्या आहेत, आणि चार-चार मीटरच्या भरती-ओहोटीने त्यांतला गाळ दिवसातून चार वेळा ढवळला जातो. तो रंग बराचसा गाळाचा आहे. याचा अर्थ पाणी स्वच्छ आहे असा मात्र नाही. शहराचं सांडपाणी नाल्यांवाटे किनाऱ्यालगत येतं, जुहूला तर इर्ला नाला शेजारीच आहे. पाय भिजवा, डुंबू नका, तोंडात पाणी जाऊ देऊ नका आणि पायाला जखम असेल तर तेवढंही नको. परतताना लिटरभर गोडं पाणी जवळ असावं. पाय कोरडे करून थोडी टाल्कम पावडर चोळली की चिकटलेली वाळू लगेच गळते.

सामान. दिवसभर फिरायचं तर सॅक स्टेशनात ठेवा, आणि जिथून रात्रीची गाडी आहे त्याच स्टेशनात. सीएसएमटीला क्लोक रूम आहे. तिकीट दाखवावं लागतं, पावती मिळते, दर नगावर आणि 24 तासांच्या हिशेबाने असतो. अट एकच, आणि बॅकपॅकवाले नेमके तिथेच अडतात: सामानाला कुलूप हवं. ट्रेकिंगच्या सॅकचं तोंड दोरीने आवळायचं असतं आणि वर झाकणाची बक्कल, कुलूप लावायला जागाच नसते. खिडकीवरचा माणूस अशी सॅक परत करतो आणि मग लोक ती खांद्यावर घेऊनच जुहूला जातात. तोडगा स्वस्त आहे. बाजारात विणलेल्या प्लास्टिकच्या, चेनच्या मोठ्या पिशव्या मिळतात, लग्नाघरी अंथरुणं भरायच्या असतात तशा. पन्नास लिटरची सॅक मावेल अशी एक-एक घ्या. सॅक आत घाला, दोन्ही चेनचे रनर जुळवून त्यांच्या भोकांतून छोटं कुलूप घाला. गाडीत हीच पिशवी सॅकचे पट्टे बाकाखाली अडकण्यापासून वाचवते. घडी केली की सॅकच्या तळाशी मावते.

आत खाण्याचं काही ठेवू नका. स्टेशनातल्या उंदरांना लाडूचा वास कुलपातूनही येतो. पैसे, ओळखपत्र, फोन, चार्जर आणि पावती अंगावर. दिवसभरासाठी दहा-पंधरा लिटरची पातळ पाठपिशवी पुरे: पाण्याची बाटली, छोटा टॉवेल, पावडर, एक जाड काळी कचऱ्याची पिशवी. ही शेवटची बसायला, आणि ओल्या चपला गुंडाळायला. गाडीच्या वेळेआधी निदान दीड तास सामान सोडवा. रात्री नऊच्या पुढे त्या खिडकीवर तुमच्यासारखे बरेच असतात.

आता प्रवास. रविवार होता, मेगाब्लॉक होता, आणि सोमवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी, म्हणजे सलग सुट्ट्यांमधला रविवार. अशा दिवशी अख्खी उपनगरं जुहूला उतरतात. ब्लॉक साधारण साडेदहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत असतो आणि कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी जाहीर होतं. एका मार्गावर ब्लॉक असला तरी दुसरा चालू असतो. जुहूला जवळचं स्टेशन विलेपार्ले. पार्ल्याला जायला पश्चिम रेल्वे आहे, तशी हार्बरही आहे. सीएसएमटीहून गोरेगावला जाणारी हार्बर लोकल विलेपार्ल्याला थेट नेते, बदलायची गरज नाही. चर्चगेटहून पश्चिम रेल्वेने जाणार असाल तर स्लो पकडा, फास्ट पार्ल्याला थांबत नाही. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा, किनारा तीनेक किलोमीटर. रिक्षा फक्त उपनगरात, माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही. त्यामुळे जुहूहून रिक्षाने सीएसएमटी असा विचार मनात आणू नका.

गर्दीची दिशा लक्षात ठेवा. सकाळी गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीकडे. संध्याकाळी उत्तरेकडे. कामाच्या दिवशी सकाळी आठला तुम्ही सीएसएमटीहून पार्ल्याकडे निघालात तर बसायला जागा मिळेल, परतताना मात्र अकरा वाजेपर्यंत थांबा. टॅक्सीने त्याच अंतराला सुट्टीच्या संध्याकाळी किती वेळ लागतो ते तुम्ही भोगलंच आहे.

मग जुहूला पुन्हा जावं का? सकाळी, मंगळवार ते गुरुवार, जावं. देवगिरी सातच्या सुमारास येते, सामान टाकून आठची लोकल धरली तर सव्वानऊपर्यंत वाळूवर. त्या वेळी फिरायला आलेली मंडळी असतात, सफाई झालेली असते किंवा चालू असते, ऊन डिसेंबरात सोसवतं. संध्याकाळी जायचं तर समुद्र बघायला म्हणून जाऊ नका, जत्रेला म्हणून जा. जुहूची संध्याकाळ ही जत्रा आहे आणि जत्रा म्हणून ती झकास आहे: गाड्यांचे दिवे, बर्फाचे गोळे, भेळ, पोरांचे फुगे, पावभाजीच्या तव्यावर खणखणणारे उलथणे. शांत समुद्राच्या आशेने गेलेला माणूसच तिथे चिडतो.

तुमच्या दिवसासाठी आमचं मत मात्र वेगळं आहे. जुहूवर इतके तास घालवू नका. संध्याकाळ दक्षिण मुंबईत काढा आणि वाळूऐवजी दगडावर बसा. मरीन ड्राइव्हच्या कठड्याला ओहोटीची तितकी झळ लागत नाही. पाणी उतरलं की टेट्रापॉड, म्हणजे सिमेंटचे चार पायांचे ठोकळे, उघडे पडतात एवढंच, चिखल समोर येत नाही. आणि सीएसएमटी चालत पाऊण तासावर आहे, म्हणजे परतीची धास्ती नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, फार थोडे लोक सांगतात. गिरगाव चौपाटीवरून सूर्य समुद्रात बुडताना दिसत नाही. चौपाटीच्या पश्चिमेला मलबार हिल आडवी येते आणि सूर्य इमारतींमागे जातो. तो पाण्यात बुडताना हवा असेल तर मरीन ड्राइव्हच्या दुसऱ्या टोकाला, नरिमन पॉइंटकडे बसा. तिथून पश्चिम मोकळी आहे. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो (मे महिन्यात सातनंतर, म्हणजे तुम्ही पाचला परत फिरलात तेव्हा त्याला दोन तास बाकी होते). पावणेसहाला तिथे असलात की पुरे. सीएसएमटीहून भुयारी मेट्रोने कफ परेडच्या दिशेने तिसरं स्टेशन विधान भवन, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत. सूर्य गेला की उठू नका, अजून अर्धा तास बसा. रस्त्यावरचे दिवे लागतात आणि किनाऱ्याचं वळण स्पष्ट दिसतं. मग कठड्याच्या कडेने चौपाटीपर्यंत चाला, साडेतीन किलोमीटर आहे. वाटेत डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग. 2018 साली याच इमारती आणि ओव्हल मैदानापलीकडच्या गॉथिक इमारती मिळून जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, 1920 साली त्यांच्यावर तिथेच अंत्यसंस्कार झाले. वाळूवर पाय ठेवायची हौस तिथे भागेल. परतीला चर्नी रोडहून चर्चगेट दोन स्टेशनं, किंवा ठाकूरद्वारच्या बाजूला गिरगाव मेट्रो, तिथून सीएसएमटी दुसरं स्टेशन.

दुपारच्या उन्हाचे तास, बारा ते चार, समुद्राला देऊ नका. काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा, तीन तास सहज जातात, आणि तिथून गेट वे दहा मिनिटांवर.

डिसेंबरातल्या दोन तारखा सांभाळा. 6 डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन. 4 ते 7 दरम्यान दादर, शिवाजी पार्क आणि सीएसएमटीवर लाखो माणसं येतात, मराठवाड्यातून येणाऱ्या गाड्या भरून वाहतात. चैत्यभूमीच्या दर्शनालाच यायचं असेल तर जरूर या, पण मग तो दिवस त्याच कामाचा ठेवा. आणि 31 डिसेंबरच्या संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, चौपाटी, जुहू या तिन्ही ठिकाणी रस्ते बंद करण्यापर्यंत पाळी येते. त्या रात्रीची गाडी असेल तर सहानंतर स्टेशनापासून लांब जाऊ नका.

अलिबाग नको. गेट वेहून मांडव्याची लाँच तासभर, पुढे अलिबागची बस पाऊण तास, तितकंच परत, शिवाय दोन्हीकडे रांगा. हातात थोडेच तास उरतील, आणि तिथेही ओहोटी-भरतीचा हाच हिशेब. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर पूर्ण ओहोटीच हवी. अलिबागला एक मुक्काम असेल तर जा. नुसता बोटीचा अनुभव हवा असेल तर घारापुरी बरी, येऊन-जाऊन अर्धा दिवस लागतो. सोमवारी लेणी बंद असतात.

फोटोवाले आणि खाणं दोन वाक्यांत उरकतो. फोटो हवा असेल तर किती प्रती, किती पैसे, छापील की फोनवर, हे कॅमेरा वर जाण्याआधी ठरवा. नको असेल तर एकदाच "नको" म्हणून चालत राहा, थांबून कारण सांगितलंत की बोलणी सुरू झाली असंच समजलं जातं. आणि पुढे रात्रभराची गाडी असताना चौपाटीवर पाणीपुरी आणि बर्फाचा गोळा टाळा, तव्यावरून थेट ताटलीत येणारं किंवा सुकी भेळ खा. पनवेलच्या पुढे रात्री दोन वाजता डब्याच्या टोकाशी रांग लावण्यात मजा नाही. (होय, ही चार वाक्यं झाली.)

आता डांबर आणि चेन, कारण त्या अजून तुमच्या घरात आहेत.

पायाला लागलं ते डांबरगोळे. जहाजांतून, तेलाच्या गळतीतून समुद्रात आलेलं तेल उन्हापाण्याने घट्ट होऊन त्याचे गोळे बनतात आणि मे महिन्यापासून, नैर्ऋत्येचे वारे लागले की किनाऱ्यावर येतात. जुहूपासून खाली कोकण-गोव्यापर्यंत सगळीकडे. डिसेंबरात हा त्रास सहसा नसतो. त्वचेवरून काढायला खोबरेल तेल चोळा, पाच-दहा मिनिटं थांबा, जुन्या कापडाने पुसा, मग साबण. रॉकेल-पेट्रोल कातडीला लावू नका, आणि चपलांनाही नको, तळव्याचा गोंद सुटतो. चपलेचा डाग आधी बर्फाने कडक करून चमच्याच्या कडेने खरवडा, उरलेल्याला तेल आणि नंतर भांड्यांचा साबण. सॅकच्या कापडावर असेल तर तसंच, फक्त तेल बोटाच्या टोकावर मावेल इतकंच.

चेनसाठी कोरडा टूथब्रश घ्या. चेन पूर्ण उघडा, सॅक उलटी धरून आतून टिचक्या मारा, मग दातांच्या दोन्ही बाजूंनी ब्रश फिरवा. कोमट पाण्यात शाम्पूचा थेंब टाकून परत ब्रश, रनर हळूहळू मागेपुढे करत. अडला तर ओढू नका, मागे घेऊन पुन्हा ब्रश. पूर्ण वाळल्यावर दातांवरून मेणबत्ती घासा. तेल कधीच लावू नका, पुढच्या किनाऱ्यावरची सगळी वाळू त्याला चिकटेल. एवढं करून चेन लागते पण रनरच्या मागे पुन्हा उघडते, असं होत असेल तर वाळूने रनर आतून झिजून सैल झाला आहे. पकडीने त्याच्या दोन्ही कडा हलकेच, अगदी केसभर दाबून बघा. नाही जमलं तर बॅग दुरुस्तीवाल्याकडून फक्त रनर बदलून घ्या. अख्खी चेन बदलायची म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

मैत्रिणीला समुद्राबद्दल काही पटवायला जाऊ नका. तिला एवढंच विचारा की सॅक बरोबर नसतील तर येशील का. तरीही नाही म्हणाली तर राहू दे तिला स्टेशनात, सीएसएमटीला बसायला जागा आहे. तुम्ही एकट्या पावणेसहाला नरिमन पॉइंटला जा आणि क्लोक रूमची पावती तिच्याकडे ठेवा.